घरटी एक माणूस

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती आणि मी जव्हारला घरी जायला निघालो होतो. त्या सकाळी एक बाई शाळेच्या ओट्याशी येऊन बसली. मोखाड्याच्या बाजूच्या त्या पाड्यावर मी एकटाच मास्तर होतो. एक खोली, चार इयत्ता आणि खोलीच्या मागं माझं बिऱ्हाड. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. शाळा नवी होती आणि मीही नवा होतो, नुकतीच विशी ओलांडलेला. बाई पाड्यातलीच, वयानं माझ्याएवढी असेल. मी वळकटी बांधत राहिलो.

“गुरजी, आमच्या मानसाचा ठाव लावून द्या.”

“कुठं गेलाय?”

“गेला नाय. नेलाय.”

ते मला माहीत होतं. फाल्गुनात, होळीच्या आधी, मी शिक्षकांच्या बैठकीला मोखाड्याला गेलो असताना पोलीस पाड्यावर येऊन गेले होते. जंगलातले सागाचे दांडे तोडल्याचा खटला होता. एका घरात दोन भाऊ राहत. त्यांतल्या धाकट्याला घेऊन गेले. ही त्याची बायको. तिचा जेठ, म्हणजे घरातला थोरला भाऊ, लांब आंब्याखाली उभा होता, तिच्याकडं पाठ करून. जेठासमोर ती बसत नसे आणि त्याच्याशी बोलतही नसे, म्हणून तो तिकडं तोंड करून उभा होता, तिला माझ्याशी बोलता यावं यासाठी.

“अडीच महिने झाले,” मी म्हणालो. “आज आठवण झाली?”

हे मी चिडून बोललो. तिनं ते मनावर घेतलं नाही.

“मोखाड्याच्या बाजारात लाकडाच्या गाडीचा डायवर बोलला. आपल्या डोंगरातला एक मानूस तुरुंगात तापानं मेला म्हनं. कोन ते त्याला ठाव नाय. दाढी नव्हती म्हनतो.” ती थांबली. “आमच्या मानसाला दाढी नाय.”

मी वळकटी सोडून दिली.

मी पत्रकांवर वाढलो. काका नाशिकला छापखान्यात खिळे जुळवायला होता, आणि संस्थानाच्या काळात तो सुट्टीला आला की पिशवीच्या तळाशी पत्रकं असायची. घरात दुसरं छापलेलं काही नव्हतं, त्यामुळं अक्षरं मी त्याच कागदांवर शिकलो. जनता, हक्क, जुलूम हे शब्द मला कमळ आणि बदक यांच्या आधी वाचता येत होते. त्या पत्रकांत तुरुंग पुष्कळ वेळा यायचा. माणसं हसत आत जायची, बाहेर येताना त्यांच्या गळ्यात हार असायचे. पुढं एकदा काकालाच जव्हारच्या कचेरीत अकरा दिवस ठेवलं. तो परत आला तेव्हा हार वगैरे काही नव्हते, आणि त्यानंतर तो घरातसुद्धा हळू बोलायला लागला. वडील मला कचेरीसमोरून कधी नेत नसत. बाजाराला जायचं तरी आम्ही मागच्या गल्लीनं जायचो.

हे सांगतो ते एवढ्यासाठी, की त्या सकाळी बाईला “चल, लावू ठाव,” असं मी मोठ्या आवाजात म्हटलं तेव्हा मला ती मागची गल्ली आठवत होती.

आधी मोखाड्याच्या चौकीत गेलो. तिथल्या शिपायानं बसल्या जागेवरून सांगितलं, “आमच्याकडं कोण नाही. सगळे जव्हारला पाठवलेत. तिथं विचारा.” मग जव्हारची वाट धरली. मी आणि थोरला पुढं, ती वीस पावलं मागं. थोरला धिप्पाड, बोलण्यात संथ. वाटेत मी त्याला खूप काही सांगितलं. पकडलेल्या माणसाला का पकडलं हे सांगावं लागतं, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करावं लागतं, हे आता कायद्यात लिहिलेलं आहे, आता राजा नाही. तो ऐकत होता. घाट उतरताना म्हणाला, “मंग तो कठं हाय ते पन कायद्यात लिवलं असंल ना?”

“रजिस्टरात लिहिलेलं असतं.”

“मंग बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कचेरीत गेलो. विलीनीकरणानंतर बाहेरची पाटी बदलली होती, आत बाकं तीच. त्याच बाकांवर माझे वडील काकासाठी अकरा दिवस बसले असणार, असा विचार आला आणि मला तिथं बसवेना. ओसरीत एक जमादार कमरेचा पट्टा मांडीवर घेऊन पितळी बकल चिंचेनं घासत होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं. माझ्या पिशवीत दोन पत्रकं होती, अगदी साधी, शेतमजुरांच्या सभेची. ती घरी ठेवायला मी विसरलो होतो. त्याची नजर पिशवीवर गेली असं मला वाटलं. बहुधा गेली नसावी.

दप्तराच्या खोलीत कारकून होता. म्हातारा, संस्थानच्या वेळेपासूनचा, काळी टोपी, दोरा बांधलेला चष्मा. तो मला ओळखत होता. गावच लहान.

“या गुरुजी. तुमच्या काकांची पत्रकं मीच जप्त करून बांधायचो. बारीक छपाई. हा चष्मा त्यांनीच लावला मला.”

मला हसू आलं नाही. मी धाकट्याचं नाव, बापाचं नाव, पाडा सांगितला. त्यानं कैद्यांचं रजिस्टर काढलं. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले. अनुक्रम, नाव, बापाचं नाव, गाव, गुन्हा, केव्हा आणला, कुठं पाठवला, शेरा. मी टेबलाच्या या बाजूनं उलटं वाचत होतो. त्याचं बोट नावांच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. फाल्गुन संपला. चैत्र संपला. त्यानं पान उलटलं, परत मागं गेला.

“या नावाचा नाही.”

“नीट पाहा.”

“नीटच पाहतोय. या नावाचा माणूस इथं आलेला नाही.”

“चौकीतले म्हणतात इथं पाठवला.”

“ते म्हणतात. कागद म्हणत नाही.”

बाई दाराशी उभी होती. तिनं विचारलं, “नाय म्हंजे मेला काय?”

“नाही म्हणजे आला नाही,” कारकून म्हणाला. पण आता त्याचाही आवाज जरा खाली आला होता.

मी बाहेर येऊन ओसरीच्या पायरीवर बसलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माणूस नेल्याचं सगळ्या पाड्यानं पाहिलं होतं आणि कागदावर तो नव्हता. कागदावर नसलेल्या माणसाला काहीही करता येतं, कोणी विचारलं तर असा कोणी आलाच नव्हता असं सांगता येतं. हे मी पत्रकांत वाचलेलं होतं आणि वाचताना माझं रक्त तापायचं. त्या पायरीवर बसल्यावर हातपाय गार पडले.

भ्यालेला माणूस दोन गोष्टी करतो. एक तर पळतो, नाहीतर ओरडतो. मी अर्ज लिहिला. पिशवीतली वही काढली, दोन पानं फाडली आणि मांडीवर ठेवून लिहीत गेलो. सर्व पाड्यासमक्ष नेलेल्या इसमाची कचेरीत नोंद नाही, तेव्हा तो इसम जिवंत आहे की कसे, याचा जाब सरकारनं द्यावा. जाब न मिळाल्यास हा मजकूर वर्तमानपत्रात देण्यात येईल. ‘जुलूम’ हा शब्द दोनदा आला. मी नोकरीत होतो, माझ्या नावानं अर्ज करता येत नव्हता. म्हणून अर्जदार थोरला भाऊ. त्याचं पूर्ण नाव लिहिलं, खाली त्याचा अंगठा घेतला, आत जाऊन कारकुनासमोर ठेवला आणि म्हणालो, “आवक क्रमांक टाका. पोच द्या.”

मला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

त्यानं अर्ज वाचला नाही. बारनिशीत क्रमांक टाकला, अर्जावर शिक्का मारला, पोच लिहायला घेतली, आणि अर्जदाराचं नाव लिहिताना त्याचा टाक थांबला. त्यानं परत लाल रजिस्टर ओढलं. या वेळी बोट पटकन एका ओळीवर गेलं.

“हा अर्जदार कुठं आहे?”

“हा काय, माझ्या शेजारी.”

“हा तुमच्या शेजारी नाही,” कारकून म्हणाला. “हा तुरुंगात आहे.”

मला कळेना. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूनं वाचलं. थोरल्याचं नाव. बापाचं नाव, तेच. पाडा, तोच. गुन्हा, सागाचे दांडे. गुन्हा कबूल. चार महिने सक्तमजुरी. चैत्रात जिल्ह्याच्या तुरुंगात रवाना. आणि ज्याला रवाना केलं तो माझ्या शेजारी उभा राहून छताच्या पंख्याकडं बघत होता.

“तुझं नाव यात कसं?” मी त्याला विचारलं. माझा आवाज मला बाईसारखा बारीक ऐकू आला.

“कागद माझ्याच नावाचा आलता.”

“मग गेला तो का?”

“भाताच्या वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजाया मी पायजे व्हतो. राबाचं काम त्याला जमत नाय, जाळ सुटतो त्याच्या हातून. म्हनून घरात ठरवलं, त्यानं जायचं.” त्याला यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. “पोलिसानं नाव इचारलं, त्यानं कागदावरचं सांगितलं. दुसरं सांगून काय उपेग?”

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं, कोन नेला. जो नेला त्याचं सांगितलं.”

कारकुनानं चष्मा पुसून परत लावला. तो उठून मागच्या फळीवरून एक जुनं बाड घेऊन आला आणि माझ्यापुढं उघडलं. सगळं मोडीत. मला मोडी येत नव्हती, त्यानंच वाचून दाखवलं. संस्थानच्या वेळची वेठीची यादी. साहेब शिकारीला निघाले, सामान वाहायला माणसं हवीत. पाडा अमका, घरं इतकी, घरटी एक माणूस. नाव फक्त घरातल्या कर्त्याचं.

“नाव थोरल्याचं असायचं, यायचा कोणी पण,” तो म्हणाला. “बाप, भाऊ, जावई. आम्ही डोकी मोजायचो. एकजण दमला की दोन दिवसांनी दुसरा यायचा, त्याच नावावर. तीस वर्षं मी असं लिहिलंय, गुरुजी. या लोकांना मीच शिकवलंय म्हणा.”

थोरल्यानं हे ऐकलं आणि तो पुढं सरकला. आवाज न उतरवता, जसा तो शेतात बोलतो तसा बोलला.

“तेच सांगाया आलोय. त्याचे दोन महिने झाले. आता मला आत घ्या, त्याला सोडा. अर्धं अर्धं.”

ओसरीतला बकल घासण्याचा आवाज थांबला.

“हळू,” कारकून म्हणाला.

“का?”

“अरे बाबा, ही वेठ नाही.”

“मंग काय हाय?”

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या कायद्याच्या सगळ्या गोष्टी मी घाटात सांगून संपवल्या होत्या. जमादार दारात आला होता. पट्टा हातात, बकल चकचकीत.

“काय गडबड आहे?”

टेबलावर माझा अर्ज पडला होता. त्यावर शिक्का होता, क्रमांक होता आणि तुरुंगात असलेल्या माणसाचा ताजा, ओला अंगठा होता. जमादारानं तो उचलून वाचला असता तर काय झालं असतं हे मला तेव्हा लख्ख दिसलं. थोरल्याला तिथंच धरला असता, कारण गुन्हेगार तो. धाकट्याला आतल्या आत धरला असता, खोटं नाव सांगून कोर्टाला फसवलं म्हणून. आणि हे सगळं सिद्ध करणारा पुरावा माझ्या हस्ताक्षरात होता, ‘जुलूम’ या शब्दासकट. गुडघे खरोखरच एकमेकांवर आपटतात, ते नुसतं लिहिण्यापुरतं नसतं.

“काही नाही,” कारकून म्हणाला. “गुरुजी जुनी वेठीची यादी बघताहेत. पाड्यातले लोक विचारतात आमचे आजे कुठं कुठं गेले होते.”

“आणि हा कोणाला आत घ्या म्हणतो?”

“मला,” मी म्हणालो. का म्हणालो ते माहीत नाही. “मला आत घ्या म्हणतो. पंक्तीत. जेवणाच्या. आम्ही सकाळपासून उपाशी आहोत.”

जमादारानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “मास्तरांना आता कचेरीत जेवायला पाहिजे,” आणि हसत बाहेर गेला.

मी कारकुनाकडं वळलो. “तो अर्ज फाडा.” मी, पत्रकांवर वाढलेला, सरकारी कागद फाडायला सांगत होतो. तेव्हा मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही.

“क्रमांक पडला आहे. मी कागद फाडत नाही. तुमच्या काकांचे फाडले नाहीत, तुमचा फाडू?” त्यानं अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘शोध लागला. दप्तरदाखल.’ मग तो घडी करून एका गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. “खोटं काही लिहिलं नाही. आणि दप्तरात गेलेला कागद कोणी वाचत नाही.”

तो अर्ज अजून तिथंच आहे. दप्तर बदललं, कारकून निवृत्त झाला. परवा कळलं की जुने गठ्ठे निवडायचं काम काढलंय, तर माझी एक भाकरी कमी गेली.

पण शोध कुठं लागला होता? रजिस्टरानं एवढंच सांगितलं की माणूस इथून चालत गेला. तिथं तो आहे की नाही ते सांगितलं नाही. तापानं मेलेला माणूस तो असेल, तर तुरुंगाचा कागद थोरल्याच्या नावानं येणार होता. थोरला मेला म्हणून कळवणार, आणि थोरला तर समोर बसून भाकर खाणार. मेलेला धाकटा मात्र कुठल्याच कागदावर मेलेला नसणार. हे मी बाईला सांगितलं नाही. तिनं ते माझ्या आधी ओळखलं होतं.

“मी बघूनच येते,” ती म्हणाली.

थोरला निघाला, त्याला मी अडवलं. ज्याच्या नावाचा कैदी आत होता तोच तुरुंगाच्या दारात उभा राहिला असता. तो ऐकेना. शेवटी आमच्या घरी ओसरीवर बसवला, आणि दोन दिवस त्यानं माझ्या आईची पावसाळ्यासाठीची सगळी लाकडं फोडून ठेवली. आईला मी काहीच सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. काकाच्या वेळेपासून आमच्या घरात असले प्रश्न कोणी विचारत नाही.

यष्टी वाडा, भिवंडी करत जाते. बाई आयुष्यात पहिल्यांदा यष्टीत बसली होती. वाड्यापर्यंत तिला उलट्या झाल्या. वाडा सोडल्यावर मी तिला समजावलं. तुरुंगात भेटायला नातेवाईकालाच सोडतात. आत जो आहे तो कागदावर तुझा जेठ आहे. तेव्हा दारात विचारतील, त्याची कोण? तर तुला सांगावं लागेल, बायको. ते लिहितील, अमक्याची बायको, आणि त्यावर तुझा अंगठा घेतील.

तिनं तोंड फिरवलं. ज्याच्यासमोर ती बसली नव्हती, ज्याच्या ताटाला तिचा हात लागू द्यायचा नाही, त्याची बायको म्हणून अंगठा. हे मी काय सांगतोय हे मला तिच्या पाठीकडं बघून कळलं. भिवंडीपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं, ही परत फिरणार.

“कागदावरच ना?” तिनं विचारलं.

“कागदावरच.”

“मंग तो कागद घरी आनायचा नाय.”

तुरुंगाच्या दारात खिडकी होती आणि खिडकीत एक तरुण बाबू. माझ्याच वयाचा, केस पाठी वळवलेले, कंटाळलेला. वाईट नव्हता. तिच्याकडं न बघता विचारत गेला.

“कैद्याचं नाव?”

मी सांगितलं. थोरल्याचं. बाबूनं रजिस्टर उघडलं. आम्ही दोघंही त्याच्या बोटाकडं बघत होतो. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईनं काही लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं नाही आणि तिला तर वाचताच येत नव्हतं, पण तांबडी शाई तिनंही पाहिली. तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

“इस्पितळातून परत,” बाबू म्हणाला. “आहे. बराकीत आहे. ही कोण?”

तिनं बाही सोडली नाही.

“बाई, कोण लागतेस त्याची?”

मी बोलणार होतो. तिनं खाली बघून म्हटलं, “बायको.”

बाबूनं लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, थोरल्याचं नाव, “ची पत्नी.” तिच्या खांद्याला जरासा हिसका बसला, गार पाणी पडल्यासारखा. मग तिनं अंगठा पुढं केला.

“ओळख कोण देणार?”

“म्हणजे?”

“ही त्याचीच बायको हे माहीत असणारा कोणी. सही करणारा. तुम्ही कोण?”

“शिक्षक.”

“सरकारी?”

“स्कूल बोर्डाचा.”

“मग बरं झालं. इथं करा. नाव, हुद्दा, शाळा.”

हे मी धरलं नव्हतं. मी तिला दिवसभर सांगत आलो होतो, कागदावर तुला काय सांगावं लागेल ते. मला काय सांगावं लागेल याचा विचारच केला नव्हता. वर लिहिलं होतं, सदर बाई कैद्याची पत्नी असल्याचे मला व्यक्तिशः माहीत आहे. आत बसलेला माणूस तिचा नवरा होता, हे मला व्यक्तिशः माहीत होतं. वर लिहिलेल्या नावाचा माणूस आमच्या ओसरीवर लाकडं फोडत होता, हेही व्यक्तिशः माहीत होतं. खोटं नेमकं कुठल्या शब्दात होतं ते मला आजही बोट ठेवून दाखवता येणार नाही. सही केली तर नोकरी जाणार आणि कदाचित तुरुंग. न केली तर तिनं तो अंगठा फुकट दिला. टाक दौतीत बुडवताना तो दौतीच्या काठावर टकटक वाजत होता, इतका हात कापत होता.

“सवय नाही वाटतं लिहायची, मास्तर?” बाबू म्हणाला.

मी सही केली. हुद्दा लिहिला. शाळा लिहिली.

आतून नावानं हाक मारलेली ऐकू आली. थोरल्याचं नाव. आणि लगेच, जराही न अडखळता, कोणीतरी “जी” म्हणालं. दोन महिन्यांत त्याला त्या नावाची सवय झाली होती.

तो आला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली, कपाळावर तापाचा काळपटपणा. पण पायांवर उभा. जाळीच्या पलीकडं तो, अलीकडं आम्ही, आणि मध्ये खुर्ची टाकून बाबू. नियम तसा होता. सगळं बोलणं त्याच्यासमोर.

ती जाळीच्या जवळ सरकली.

“शेळी व्यायली,” ती म्हणाली.

“किती?”

“दोन. एक बोकड, एक पाट.”

“बरं झालं.” मग तो म्हणाला, “दादानं राब भाजला काय?”

बाबूनं मान वर केली. “दादा कोण?”

कागदावर घरातला थोरला हाच होता. त्याला दादा असायचं कारण नव्हतं. बाबूच्या गुडघ्यावर तो भेटीचा कागद होता, माझी सही अजून पुरती वाळली नव्हती.

“आमचा थोरला पोर,” ती म्हणाली. “त्याला दादाच म्हनतो.”

“तुझा पोर? केवढा आहे?”

“एवढा.” तिनं कमरेएवढा हात केला.

“आणि तो राब भाजतो?”

“भाजतो कसला. कडंला उभा ऱ्हाऊन जाळाकडं बघतो आन वरडतो. त्याच्या बापावर गेलाय.”

जाळीपलीकडं धाकटा हसला. खरंच हसला, दात दिसले. बाबूही हसला आणि परत आपल्या नखांकडं बघायला लागला. तिला मूल नव्हतं.

नंतर त्यानं सांगितलं, शेजारचा माणूस तापानं गेला. दुसऱ्या तालुक्यातला, पण डोंगरातलाच. दोघं एकाच वेळी इस्पितळात होते. “त्याच्या घरी कागद गेला म्हनं,” तो म्हणाला. “तठं कागद वाचनारं कोन असंल काय, गुरजी?”

मला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडं बघत राहिला, जसं काही मी तिकडचाही मास्तर होतो. मग घंटा झाली.

श्रावणात तो सुटून आला. त्या दोन-अडीच महिन्यांत पाड्याकडं येणाऱ्या वाटेवर खाकी काही दिसलं की मी वर्गाला पाढे म्हणायला लावून मागच्या दारी जाऊन उभा राहायचो. एकदा तो पोस्टमन निघाला, एकदा जंगलखात्याचा रखवालदार, जो नुसता पाणी मागायला आला होता. पोरांना माझे ते पाढे पाठ झाले. इतर काही शिकवलं की नाही ते सांगता येत नाही.

आल्यावर दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. धाकट्याचे केस वाढायला लागले होते. मी मनात जुळवून ठेवलेलं सगळं बोललो. वेठ संपली. आता कागदावर ज्याचं नाव त्यालाच जावं लागतं, आणि त्यालाही उगीच जावं लागत नाही, कोर्टात बोलता येतं, नाही म्हणता येतं. घरटी माणूस आता कोणी मागू शकत नाही.

“पुढं कधी कागद आला,” मी म्हणालो, “तर घरात ठरवायचं नाही. आधी माझ्याकडं यायचं.”

थोरला हसला. “तुमच्याकडं? गुरजी, कचेरीत तुमचे पाय असे हलत व्हते, मला वाटलं जमादार तुमालाच घालतो आत. पंक्तीत घ्या म्हनं!”

धाकट्याला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. थोरल्यानं ते सगळं करून दाखवलं, माझा बारीक झालेला आवाज, जमादाराची नजर. धाकटा पोट धरून हसला आणि खोकला. खोकला बराच वेळ थांबला नाही. मग डोळे पुसून तो म्हणाला,

“येऊ, गुरजी. कागद आला तर तुमच्याकडं येऊ. पन मंग तुमी आमच्यासंगं यायचं. सही कराया.”

मी हो म्हणालो. म्हणताना मी पाड्याच्या वाटेकडं पाहिलं, आणि ते त्या दोघांना दिसलं.